इंदूताई आणि नूराची रायफल

इंदूताई खराडेंच्या दारावर टकटक केली की आतून आवाज यायचा, "कोण?" आपण नाव सांगायचं. मग आतून पुन्हा, "कशावरून?"

सौदीतल्या खमीस मुशैतला नोकरीला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी चिपळूणची, फार्मसिस्ट. नवरा जुबैलला प्लांटवर शिफ्टमध्ये, आणि मला नोकरी मिळाली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरावरच्या या गावात. हॉस्पिटलच्या स्टाफ बिल्डिंगमध्ये शेजारचं दार मराठी माणसाचं आहे, या आनंदात मी वाटीभर शिरा घेऊन गेले होते. "कशावरून?"ला काय उत्तर द्यायचं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "ताई, शिरा थंड होतोय."

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला. तो आधी माझ्याकडे, मग वाटीकडे, मग माझ्या मागच्या रिकाम्या जिन्याकडे गेला.

"मी मराठी आहे हे कुणी सांगितलं तुला?"

"खाली वॉचमननं."

"त्याला कुणी सांगितलं?"

साखळी निघाली. वाटी हातात घेतली गेली, पण आत जाण्याआधी इंदूताईंनी चमचा माझ्याच पुढे धरला. "तू आधी खा एक घास." मी खाल्ला. मग त्यांनी खाल्ला, आणि म्हणाल्या, "वेलदोडा जास्त झालाय. काहीतरी लपवायला जास्त घालतात."

खरं सांगायचं तर रवा थोडा करपलाच होता.

त्या आमच्या नर्सिंग सुपरवायझर होत्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, केस घट्ट बांधलेले, चालताना दोन्ही हात एका लयीत हलायचे. माहेर गडहिंग्लजकडचं. आखातात निम्मं आयुष्य काढून, इंग्रजी आणि मोडकी अरबी बोलून बोलून, त्यांच्या मराठीतलं 'असतंय' आणि 'करतंय' काही गेलं नव्हतं. कुणी काहीही छातीठोक सांगायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तसं नसतंय ते."

फोन वाजला तर त्या उचलायच्या, पण 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. पलीकडचा माणूस बोलेपर्यंत गप्प. टॅक्सीवाल्याला कायम शेजारच्या बिल्डिंगचा पत्ता द्यायच्या आणि गाडी वळून जाईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. दुकानात दुधाची बाटली घेताना हात पार मागच्या रांगेत घालायच्या. गॅसचा नवा सिलिंडर आला की त्याच्या तोंडाला साबणाचा फेस लावून, बुडबुडे येतात का ते डोळे बारीक करून बघत बसायच्या. माझ्या फार्मसीतून वॉर्डला गेलेली इंजेक्शनची प्रत्येक कुपी त्या उजेडासमोर धरायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, सील आहे की त्याला."

"सील माणसंच लावतात की गं."

अशा बाईबद्दल लोकांना संशय न आला तरच नवल. कुणी म्हणायचं, त्या मॅनेजमेंटच्या खबरी आहेत. फिलिपिनो नर्सेस त्यांना पाठीमागे 'मेजर' म्हणायच्या. हॉस्पिटलच्या बसचा ड्रायव्हर मला एकदा हळूच म्हणाला, "मॅडम, वो फौज की औरत है. चाल देखी है?" दुसऱ्या कुठल्या गावात हे हसण्यावारी गेलं असतं. पण खमीसला मोठा लष्करी तळ आहे. रस्त्यात चौक्या लागतात, गाडीच्या काचा खाली कराव्या लागतात, कुठल्या बाजूला मोबाईलचा कॅमेरा धरायचा नाही हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. अशा गावात परदेशी बाईला 'फौजेची' म्हणणं ही साधी गोष्ट नाही. मीसुद्धा बरेच दिवस त्यांच्यापुढे तोलूनमापून बोलायचे. गंमत म्हणजे त्याही माझ्यापुढे तशाच बोलायच्या. मला त्यांच्यावर लक्ष ठेवायला शेजारी आणून ठेवलंय, अशी त्यांची समजूत होती. हे त्यांनी मला फार पुढे, चहा पिता पिता, सहज सांगितलं.

"मग आता नाही वाटत तसं?"

"आता थोडं कमी वाटतंय."

हा संशय नेहमी गमतीचा नसायचा. लिसी नावाची केरळची एक नर्स बाळंतपणाची रजा संपवून परत आली होती. ड्यूटीच्या मध्येच ती एक कापडी पिशवी काखेत धरून बाथरूमकडे जायची आणि परत येताना कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. इंदूताईंनी हे हेरलं. वॉर्डातल्या वेदनाशामक इंजेक्शनांचा हिशेब तसा चोख होता, पण त्यांचं म्हणणं, चोख हिशेबच आधी बघायचा. एक दिवस त्यांनी लिसीला नर्सिंग स्टेशनसमोर अडवलं. आम्ही चारपाच जणी तिथं होतो.

"पिशवी उघड."

"मॅडम, प्लीज. आत जाऊन दाखवते."

"इथंच."

लिसीनं पिशवी उघडली. आत दूध काढायचा छोटा पंप होता आणि झाकण लावलेल्या दोन बाटल्या. बाळ कोट्टायमला तिच्या आईकडे होतं. दूध अजून येत होतं. ती ते काढायची आणि बेसिनमध्ये ओतून द्यायची. हे सांगताना ती रडली नाही, सरळ इंदूताईंकडे बघत उभी राहिली. आम्हालाच कुठं बघावं कळेना.

इंदूताईंनी पिशवीचं तोंड स्वतःच्या हातानं बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या केबिनची किल्ली लिसीच्या हातात ठेवली. "आतून कडी लाव. माझी खुर्ची बरी आहे, पाठीला टेकण आहे." लिसीचं दूध आटेपर्यंत ती केबिन तिचीच होती. त्या वेळात इंदूताई बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून कागदपत्रं बघायच्या, आणि कुणी दाराकडे आलं तर त्याला अशा नजरेनं बघायच्या की तो वळून जायचा.

मी त्यांना म्हटलं, "माफी मागायला हवी होती तुम्ही. सगळ्यांसमोर."

"मागितली असती तर तिला परत सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "चुकलं माझं. पण पिशवी परत दिसली तर परत विचारीन. फक्त आत नेऊन."

त्यांना कुणी कधी मोठं फसवलं होतं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांना प्रश्नच पटला नाही. "फसायला आधी विश्वास टाकावा लागतोय. तेवढी चैन कुठली गं आपल्याला?"

तर आता नूराची गोष्ट.

नूरा आमच्या हॉस्पिटलात रुग्ण आणि नातेवाइकांच्या तक्रारी बघायची. खमीसचीच, चाळिशीची, लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही, स्वतःची गाडी स्वतः चालवणारी. इंदूताईंवर सगळ्यात जास्त तक्रारी यायच्या, त्यामुळे नूराची आणि त्यांची ओळख दाट होती. तिचे वडील जुने फौजी. पक्षाघाताचा झटका येऊन ते आमच्याकडे दाखल झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हातारा शेजारच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडेसुद्धा रागानं बघायचा. नर्सेस त्याच्या खोलीत जायला घाबरायच्या. इंदूताई मात्र जायच्या.

एकदा नूरानं वडिलांचा तरुणपणीचा फोटो फोनवर दाखवला. डोंगराच्या कड्यावर पाय रोवून उभे, खांद्याला रायफल. इंदूताई बघताक्षणी बोलून गेल्या, "थ्री-नॉट-थ्री!"

नूरानं भुवया उंचावल्या. अंथरुणावरून म्हाताऱ्यानंही मान वळवली. मीही दचकले. म्हटलं, ड्रायव्हर खरंच सांगत होता की काय!

उत्तर अगदी साधं निघालं. कोल्हापूरला कॉलेजात असताना इंदूताई एन.सी.सी.त होत्या. अंडर ऑफिसर. पहाटेच्या परेडला याच जातीची रायफल खांद्याला असायची. एवढंच. पण हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "कशाला सांगायचं? इथं लोक अर्धं ऐकतात आणि उरलेलं स्वतः घालतात."

फोटोतली ती रायफल घरात आता नव्हती. आजारपणाच्या धांदलीत कुणीतरी ती विकली होती. कुणी, ते नूरा सांगत नव्हती. वडील घरी गेल्यावर रोज भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे बोट करायचे आणि घशातून आवाज काढायचे. हल्ली तिकडे बायकांनाही रीतसर परवाना मिळतो, शिकवणाऱ्या बायका असतात. नूरानं परवाना काढला. तशीच जुनी, सैन्यातून निवृत्त झालेली रायफल घ्यायची, स्वतः चालवायला शिकायचं आणि वडिलांना बरोबर नेऊन पहिली गोळी त्यांच्यासमोर झाडायची, असं तिनं ठरवलं होतं. तिचा चुलतभाऊ मिशारी यानं एक शोधूनही आणली होती. भारतात बनलेली.

"तू भारतातली," नूरा इंदूताईंना म्हणाली. "येऊन बघ फक्त."

"मी परदेशी बाई. मी हत्याराजवळसुद्धा दिसता कामा नये. माझा इकामा जाईल, इथं राहायचा परवानाच."

"हात नको लावू. बघ."

इंदूताईंनी विचार करायला वेळ घेतला. मग मला म्हणाल्या, "तूही चल. कुणीतरी बघणारं पाहिजे." साक्षीदार म्हणून आपली नेमणूक झालीये हे मला गाडीत बसल्यावर कळलं. नूरा गाडी चालवत होती आणि इंदूताई मागच्या सीटवरून विचारत होत्या, "कागद कुठं आहेत त्याचे?"

"मिशारी म्हणतो, आधी पसंत करू, मग दुकानात जाऊन नावावर करू."

"आधी कागद का नाही?"

नूरानं गाडी गल्लीत वळवली.

घराच्या अंगणात, गाडीच्या शेडखाली, टेबलावर ब्लँकेट अंथरून मिशारीनं ती ठेवली होती. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण देखणी होती खरी. लाकूड आरशासारखं चमकत होतं. लोखंडावर निळसर काळी झाक. म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची शेडच्या कडेला आणून ठेवली होती. मिशारी तरुण, गोरागोमटा, अत्तराचा घमघमाट, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसणारा.

इंदूताईंनी अबायाच्या, त्या काळ्या झग्याच्या, बाह्यांतले हात पाठीमागे बांधले. परेडला 'विश्राम' म्हटल्यावर उभे राहतात तशा. पुढचा सगळा वेळ ते हात पुढे आले नाहीत.

"नूरा, तू उचल. नळी त्या भिंतीकडे. आत गोळी नाही हे आधी तू बघ, मग तुझ्या भावाला दाखवायला सांग, मग परत तू बघ."

"मी बघितलंय," मिशारी म्हणाला.

"म्हणून तर."

नूरानं बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा तो लोखंडी दांडा, मागे ओढला. आत काही नव्हतं. इंदूताई वाकून लाकूड बघू लागल्या. नाक जवळ नेलं. "ताजं व्हार्निश आहे. जुन्या बंदुकीला कशाला नवं व्हार्निश?"

"बहिणीसाठी म्हणून चांगली करून घेतली," मिशारी हसला.

"नूरा, नेलपॉलिश काढायचं औषध आहे घरात?"

होतं. नूरानं कापसाचा बोळा भिजवून दस्त्यावर, इंदूताई सांगतील तिथं, घासला. मिशारीचं हसू कमी होत गेलं. व्हार्निशखाली लाकडात भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, दिसली, आणि लांबीच्या कडेला पांढऱ्या रंगाची एक पुसट रेघ. इंदूताई त्या रेघेपाशी आणखी वाकल्या. त्यांनी मला त्यांच्या पर्समधला छोटा टॉर्च काढायला सांगितला, पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासायचा. "नूराकडे दे. नूरा, गोळी जिथं बसते ना, तिथं उजेड टाक. बाजूच्या भिंतीवर काय दिसतंय?"

नूरा बराच वेळ बघत राहिली. "एक ठिपका आहे. वेगळ्या रंगाचा. नाण्यासारखा गोल."

इंदूताई सरळ उभ्या राहिल्या. "ही बंदूक नाही. ही कवायतीची काठी आहे."

मग त्यांनी सांगितलं. कॉलेजच्या पोरापोरींना परेडसाठी ज्या रायफली देतात, त्या झिजलेल्या, बाद झालेल्या असतात. कुणी चुकूनही गोळी घालू नये म्हणून त्यांच्या पोटात आरपार भोक पाडतात आणि वर पांढरा पट्टा रंगवतात. "परेडला उभं राहून कंटाळा आला की आम्ही त्या भोकात बोट घालून बसायचो. बोटाला माहीत आहे माझ्या ते." इथं कुणीतरी ते भोक धातू ओतून बुजवलं होतं, घासून काळं केलं होतं, आणि पट्ट्यावर लांबी आणि व्हार्निश. "गोळी झाडली असतीस तर ती पुढे गेली नसती. हे बूच तुझ्या गालात आलं असतं."

मिशारीनं आधी इंग्रजीत, मग अरबीत, मग मोठ्यानं अरबीत बोलायला सुरुवात केली. मला एवढंच कळलं की एका हिंदी, म्हणजे भारतीय, नर्सनं आपल्याला शहाणपण शिकवावं, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याला भोकाबद्दल काहीच माहीत नव्हतं, त्यालाही कुणीतरी फसवलंय, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. नूरा त्याच्याकडे बघत होती. आणि खुर्चीतला म्हातारा इंदूताईंच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे बघत होता.

परत येताना गाडीत मी विचारलं, "त्याला खरंच माहीत नसेल?"

"व्हार्निशवाल्याला पैसे त्यानंच दिले ना?" इंदूताई म्हणाल्या. नूरा पुढे रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण तिनं गाडीचा वेग कमी केला आणि बऱ्याच वेळानं इंग्रजीत म्हणाली, "वडिलांची रायफलही त्यानंच विकली होती."

नूरानं ती रायफल स्वतः जवळच्या अबहा शहरात बंदुकांच्या परवानाधारक दुकानात नेऊन दाखवली. तिथल्या कारागिरानं नळीत डोळा घातला आणि ती तिच्या हातात परत द्यायलाच नकार दिला. पोलिसांना कळवलं. मिशारीची चौकशी झाली. पुढे काय झालं ते घरातल्या घरात राहिलं.

त्याच दुकानात मग नूरानं दुसरी निवडली. फोनवर फोटो पाठवून पाठवून. तीनचार चांगल्या दिसणाऱ्या होत्या, त्या सगळ्या इंदूताईंनी नाकारल्या. शेवटी एक आली ती बघून मलाच कसंतरी झालं. काळपट लाकूड, दस्त्याला ओरखडे, अंगभर घट्ट झालेलं तपकिरी ग्रीस, जणू कुणी काकवीत बुडवून काढलीये.

"बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच आहे का विचार," इंदूताईंनी सांगितलं. होता. "कारागिराला नळीत बघायला सांग." त्यानं बघितलं, ठीक म्हणाला. "त्याला सांग, दुसऱ्यांदा बघ." त्यानं दुसऱ्यांदा बघितलं. "घे."

मी म्हटलं, "ताई, एवढी घाणेरडी?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा घरातलं काही सांगितलं. "आमचे आबा गुळाच्या अडतीवर होते. पिवळाधमक गूळ आला की ढेप फोडायला लावायचे. पावडर मारल्याशिवाय तेवढा पिवळा होत नाही तो. काळा, चिकट, मुंग्या लागलेला गूळ असला की म्हणायचे, हा घरी न्या."

साफसफाई नूराच्या घरी झाली, एका शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर. दिवाणखान्यात प्लास्टिक अंथरलेलं, खिडक्या उघड्या. म्हातारा खुर्चीत. इंदूताई पुन्हा हात मागे बांधून. सगळं काम नूरानं करायचं, त्यांनी फक्त सांगायचं. आत गोळी नाही हे तिघींनी बघितलं, म्हाताऱ्यालाही दाखवलं. बोल्ट काढला. चिंध्यांनी ग्रीस पुसून पुसून नूराचे कोपरापर्यंतचे हात तपकिरी झाले. खाचाखोचांतून जुना टूथब्रश फिरला. मग लांब दोरीच्या टोकाला कापडाची चिंदी बांधून ती नळीतून एका टोकानं घालायची आणि दुसऱ्या टोकानं ओढायची.

"अर्ध्यात थांबायचं नाही. एका दमात ओढ. थांबलीस की घाण तिथंच बसते."

पहिली चिंदी डांबरासारखी काळी निघाली. दुसरी तशीच. नंतर तपकिरी, मग राखाडी. नूरा घामेघूम झाली होती. एक चिंदी जवळजवळ पांढरी आली तेव्हा तिनं ती विजयानं वर धरली. "खलास?"

खुर्चीतून आवाज आला. म्हातारा डावा हात हलवत होता. रायफलीकडे, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या डोळ्याकडे बोट.

"पाणी पाहिजे का, बाबा?" नूरानं विचारलं. त्यानं रागानं मान हलवली.

"त्याला नळीत बघायचंय," इंदूताई म्हणाल्या. "मागची बाजू त्याच्या डोळ्याला लाव, तोंड खिडकीच्या उजेडाकडे."

नूरानं तसं धरलं. म्हाताऱ्यानं एक डोळा मिटला, दुसऱ्यानं नळीतून आभाळ बघितलं. मग हात झटकला. नाही. पुन्हा.

पुन्हा तेल, पुन्हा चिंदी. पुन्हा बघितलं. पुन्हा हात झटकला. आता नूरा चिडली. "दोघंही सारखेच आहात तुम्ही! स्वच्छ आहे म्हटलं तर ऐकत नाही!" इंदूताईंनी म्हाताऱ्याकडे बघितलं, त्यानं इंदूताईंकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर रेषा हलली नाही. त्यानंतरची चिंदी खरोखर पांढरी आली. म्हातारा पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळा काढून घेतला, आणि नूराच्या माखलेल्या हातावर आपला डावा हात ठेवला, तो तसाच राहू दिला. नूरा खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात ग्रीसचे असल्यामुळे पुसता येईना. ते मी पुसलं.

पहिली गोळी झाडायला ते शूटिंग क्लबमध्ये गेले तेव्हा आम्ही गेलो नाही. इंदूताईंनी स्वच्छ नकार दिला. "तिथं कॅमेरे असतात."

त्यांची भीती खरी ठरली. मिशारीनं हॉस्पिटलात कुणाची तरी ओळख काढली आणि तक्रार केली, की एक हिंदी नर्स हत्यारं हाताळते, तिला सैनिकी शिक्षण आहे. इंदूताईंना प्रशासकांच्या खोलीत बोलावलं गेलं. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायला लागले, आम्ही म्हणतच होतो. जिच्याबरोबर वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलाशी बसलो ती सुटली तर बरं, असं म्हणणारं कुणी दिसलं नाही. लिसी एकटी दाराबाहेर येऊन उभी राहिली. मलाही आत बोलावलं, कारण मी तिथं होते. मी काय बघितलं ते सांगितलं. नूरा स्वतः आली.

"तिनं रायफलीला एकदाही हात लावला नाही," नूरा म्हणाली. "दोन्ही वेळा ती हात मागे बांधून उभी होती. मी घामानं भिजत होते, तरी तिनं बोट पुढे केलं नाही. मी मनातून चिडले होते तिच्यावर." मग प्रशासकांकडे वळून म्हणाली, "ती नसती तर आज मी इथं या चेहऱ्यानं बसले नसते."

दुकानातल्या कारागिराशीही बोलणं झालं. तक्रार मिटली. इंदूताईंचा करार पुढे चालू राहिला, पण त्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचे खांदे पडलेले दिसले. घरी येऊन चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटलेलं, मी एकटीच सगळ्यांकडे बघतेय. सगळे माझ्याकडेही बघत होते की." चहा तसाच गार झाला.

करार संपला तेव्हा त्यांनी तो वाढवला नाही. गडहिंग्लजला बहिणीजवळ घर बांधून घेतलं होतं. गवंड्यावर फोनवरून नजर ठेवून.

अबहाच्या विमानतळावर मी आणि लिसी सोडायला गेलो होतो. नूरा वडिलांना घेऊन आली होती. एवढ्या लांब, चाकाच्या खुर्चीत, जाडजूड कोट घालून. सामान गेलं, बोर्डिंग पास आला. आत जायच्या आधी इंदूताईंना बाथरूमला जायचं होतं. त्यांच्या खांद्याला पर्स होती, तीत पासपोर्ट, तिकीट, आयुष्यभर जमवलेलं थोडं सोनं. मी हात पुढे केला. लिसीनंही केला. इंदूताईंनी आमच्या दोघींकडे बघितलं, जरा घुटमळल्या, आणि पर्स काढून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्यानं डावा हात तिच्यावर ठेवला. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे तो असा बघत होता की एक पोर्टर वाट सोडून लांबून गेला.

इंदूताई परत आल्या. पर्स उचलली. त्या आता ती उघडतील, आतलं एकेक चाचपून बघतील, म्हणून मी वाट बघत उभी होते. त्यांनी ती तशीच खांद्याला लावली. म्हाताऱ्यापुढे किंचित वाकून मराठीतच म्हणाल्या, "येते हां, आबा." मग वळल्या आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेकडे निघाल्या. दोन्ही हात त्याच लयीत हलत होते. काचेच्या दारापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.